बाराव्या टाकीचा व्हॉल्व्ह

साइटवर पोचले की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "म्याडम, कोणी केलं हे?" काय बिघडलं ते नंतर. आधी कोणी केलं.

बावीस वर्षं झाली मला या कामात. हिंगोली, वसमत, कळमनुरी, औंढा. गोदामं, जिनिंग, विजेची उपकेंद्रं, पाण्याच्या टाक्या. भिंतीवर लोखंडी पेटी आणि पेटीतून बाहेर आलेली अँटेना दिसली की समजायचं, इथे मी कधी ना कधी शिडी लावलेली आहे. आणि खरं सांगायचं तर, "कोणी केलं" हा प्रश्न मला कधी खटकला नाही. मीसुद्धा मनात तोच घेऊन जायचे. वायर कापलेली असते, सिम काढून कोणीतरी मोबाईलमध्ये घातलेलं असतं, पेटीच्या विजेवर कोणी पंखा चालवत असतं. दहापैकी सहा वेळा माणूसच सापडतो. मग सातव्या वेळीही आपण माणूसच शोधतो.

त्या पेटीत काय असतं ते आधी सांगते, म्हणजे पुढचं समजेल. जेवणाच्या डब्याएवढा एक कॉम्प्युटर असतो. त्याला स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही. त्यावर लिनक्स चालतं. आपल्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर विंडोज जे काम करतं, तेच हे करतं, पण महिनोन्‌महिने एकट्याने चालू राहतं म्हणून असल्या आडजागी तेच वापरतात. कॉम्प्युटरच्या पोटात एक मोडेम कार्ड बसवलेलं असतं आणि त्यात सिम. त्या कार्डातून पेटी दूरच्या कंट्रोल रूमला कळवते, टाकीत पाणी किती, मोटार चालू की बंद. आणि कंट्रोल रूमचा हुकूम तिला मिळतो. पण कार्डाची भाषा वेगळी, लिनक्सची वेगळी. मधे एक दुभाषा लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. कार्ड चांगलं, सिम चांगलं, वीज बराबर, आणि दुभाषा गोंधळला, तर सगळं ठप्प. माझं अर्धं आयुष्य या दुभाष्यांशी भांडण्यात गेलं आहे.

कधीकधी दुभाषा बिचारा निर्दोष असतो. हिंगोलीत हळदीच्या एका गोदामात आतला ओलावा कळवणारी पेटी होती. दिवसभर व्यवस्थित चालायची आणि संध्याकाळी सहा वाजले की मुकी. मालकाचा संशय मॅनेजरवर, मॅनेजरचा हमालांवर, माझा ड्रायव्हरवर. दोन दिवस मी लॅपटॉप लावून बसले. तिसऱ्या दिवशी चुकून लवकर आले नि पाहिलं, चौकीदार स्टुलावर चढून अँटेनावर स्टीलचा डबा पालथा घालत होता. विचारलं तर म्हणाला, "बाई, मी घरी फोनवर काय बोलतो ते समदं हे वर पाठवून राहिलं." मी हसले. पेटीला कान नसतात, हे त्याला समजावलं. पण गोदामाचं दार किती वाजता उघडलं, किती वाजता लागलं, हे पेटी रोज मालकाला कळवत होती, आणि हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. म्हणजे त्याचा संशय चुकला होता तो फक्त तपशिलात.

आता जे सांगायचं आहे त्यात गावाचं नाव घेत नाही. आखाडा बाळापूरच्या पुढे, एवढं पुरे. माणसांची नावंही बदलली आहेत.

तिथे बारा टाक्यांची एक पाणी योजना आहे. एक पंपहाऊस, एक मोठी पाइपलाइन, आणि गावोगावी टाक्या. ज्या टाकीची पाळी असेल तिचा व्हॉल्व्ह उघडायचा, बाकीचे बंद ठेवायचे. पूर्वी हे काम माणसं सायकलवर फिरून करत. मग प्रत्येक व्हॉल्व्हला मोटार बसली आणि मोटारीला हुकूम द्यायला आमची पेटी. अकरावी आणि बारावी टाकी एकाच गावात, दोन्हींची पाळी एकाच वेळी. अकरावी मोठ्या गावाची. बारावी पंचशील नगरची, म्हणजे खालच्या अंगाला असलेल्या आपल्या लोकांच्या वस्तीची. ती सगळ्यात शेवटी, बऱ्याच वर्षांनी बांधली. बाराव्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडला नाही, तर तिच्या वाट्याचं पाणी अकराव्या टाकीत जातं. हे लक्षात ठेवा, कारण सगळ्या संशयाचं मूळ ते आहे.

योजनेच्या ऑफिसातून साहेबांचा फोन आला. "वस्तीतली एक बाई आहे, गयाबाई. पाणी उशिरा येतं, अर्धंच येतं म्हणते. आता अर्ज वरपर्यंत गेलाय. एकदा जाऊन बघून या."

गयाबाई बालवाडीत मदतनीस होत्या. साठीच्या आसपास, अंगाने काटक, बोलणं तोलून. मला दारातच उभं ठेवून त्यांनी विचारलं, "तुमी कुठच्या?"

"हिंगोलीची."

"हिंगोलीत कुठं?"

मी मोहल्ल्याचं नाव सांगितलं. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, मग आतून खुर्ची आणली.

"मग तुमाला सांगायला हरकत न्हाई. दोन महिने झाले. सकाळी सहाचं पाणी कधी सव्वासातला, कधी साडेसातला. टाकी अर्धी भरते की बंद. अकरा टाक्या बराबर भरतात ताई. बारावीच काहून न्हाई? मशीनला का जात कळते? माणसाला कळते."

माझं लहानपण अशाच वस्तीत गेलं. नळाच्या रांगेत कोणाची घागर आधी लागते आणि कोणाची बाजूला सरकवली जाते, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांच्या पुढच्या वाक्याआधीच माझं मत झालं होतं.

व्हॉल्व्हची आणि पेटीची चावी मारोतरावांकडे असायची. ते कंत्राटावरचे ऑपरेटर. पंचावन्नच्या पुढचे, मोठ्या गावात घर, थोडी शेती. सायकलला व्हॉल्व्ह फिरवायचा लोखंडी दांडा बांधलेला. मी काही विचारायच्या आत ते म्हणाले, "म्याडम, मशीन उघडत न्हाई. काही दिवशी उघडतंय, काही दिवशी न्हाई. न्हाई उघडलं की मी येऊन हातानं उघडतो."

हे वाक्य मी जिल्हाभर ऐकलेलं होतं. ज्याचं काम मशीनने घेतलं, तो प्रत्येक माणूस मला सांगायचा की मशीन चालत नाही.

मी टाकीखाली गेले, पेटी उघडली. तेव्हा वस्तीतले पंधरा-वीस लोक जमले होते, मोठ्या गावातले चारपाच, आणि साहेबही आले होते. आमच्या धंद्यात पहिलं शिक्षण असं मिळतं की वीज पूर्ण बंद करा, दहापर्यंत मोजा, मग चालू करा, आणि मगच तपासा. मी तसं केलं. कंट्रोल रूमला फोन लावला, हुकूम पाठवायला सांगितला. मोटार घरघरली, व्हॉल्व्ह उघडला, पाणी टाकीत पडल्याचा आवाज आला. पुन्हा बंद, पुन्हा दहा, पुन्हा चालू. पुन्हा उघडला. तिसऱ्यांदाही उघडला.

मग मी पेटीचा लॉग पाहिला. दिवसभर काय काय घडलं ते पेटी ओळीओळीने लिहून ठेवते, त्याला लॉग म्हणतात. रोज सहा वाजता एकच ओळ: हुकूम आला, व्हॉल्व्हला दिला, ठीक. व्हॉल्व्हच्या मोटारीची स्वतःची वेगळी नोंद असते, तीही लॅपटॉपवर घेतली. तिथे वेगळंच. काही दिवशी सहाला मोटारीने उघडला. बाकी दिवशी सव्वासातला, साडेसातला, हाताने.

मला वाटलं, चोर सापडला.

"मामा," मी सगळ्यांसमोर म्हणाले, "हुकूम रोज सहाला पोचतो. पेटी खोटं लिहीत नाही. मोटारीचा खटका आधी कोणीतरी बंद करतं, अकरावी टाकी भरू देतं, आणि मग येऊन हाताने उघडतं. चावी कोणाकडे असते?"

"माझ्याकडंच असते."

"मग?"

ते माझ्याकडे पाहत नव्हते, पेटीकडे पाहत होते. "मी कशाला बंद करू म्याडम? बंद करून परत उघडायला यायची मला काय हौस हाय?"

मोठ्या गावातल्यांपैकी एकाने पायाने माती उकरली. गयाबाई म्हणाल्या, "मी म्हणलं नव्हतं?" साहेबांनी मला हळूच सांगितलं, अहवालात लिहा.

मी लिहिलं. "यंत्रणा सुस्थितीत. मानवी हस्तक्षेपाची दाट शक्यता." दाट हा शब्द माझा. आठवड्याभरात मारोतरावांना कामावरून कमी केलं. मला वाईट वाटलं नाही. घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं, तीही म्हणाली, बरं केलंस. त्या दिवशी जेवताना मला फार बरं वाटत होतं, हे मी लपवणार नाही.

दोन आठवड्यांनी गयाबाईंचा फोन. "ताई, आता तर पाणीच न्हाई."

"उशिरा येतं का?"

"येतच न्हाई म्हणते मी. या आठवड्यात चार दिवस टाकी कोरडी. बाया हापशावर चालल्या. पहिलं उशिरा तर उशिरा, पण येत होतं."

नवीन ऑपरेटर दुसऱ्या गावचा होता, दुपारी एकदा मोटरसायकलवर चक्कर टाकून जायचा. माझा संशय आधी त्याच्यावर गेला. मग त्याच्यावरून उठून परत मारोतरावांवर बसला. डाव धरून येत असतील, दुसरी चावी करून ठेवली असेल. सांगायला लाज वाटते, पण मी हे फोनवर साहेबांना बोललेसुद्धा. तिथे गेले, पेटीला आणि मोटारीच्या झाकणाला नवीन कुलपं लावली आणि सगळ्या चाव्या माझ्या पर्समध्ये घेऊन हिंगोलीला आले.

दुसऱ्या दिवशी पाणी आलं. तिसऱ्या दिवशी नाही. चौथ्या दिवशी नाही. कुलपं जशीच्या तशी.

त्या संध्याकाळी मी वस्तीत मुक्कामाला गेले. गयाबाईंनी जेवायला घातलं, पण फार बोलल्या नाहीत. सकाळी पाचच्या आधी आम्ही दोघी टाकीखाली जाऊन बसलो. मी पेटी उघडून लॅपटॉप जोडला. आमच्या पेट्या रोज पहाटे पाचला स्वतःच स्वतःला बंद करून पुन्हा सुरू होतात, अडकून पडू नयेत म्हणून. कंपनीचाच नियम. बरोबर पाचला दिवे विझले, लागले. मी पाहत राहिले. गयाबाई किटलीतला चहा ओतत होत्या.

"हे तुमीच बसवलं न्हाई का?" त्यांनी पेटीकडे बोट करून विचारलं.

"पेटी आधीची आहे. आतलं मोडेम कार्ड मी बसवलं. जुन्या कार्डांचं नेटवर्क बंद होत होतं, म्हणून बाराही पेट्यांत नवीन बसवली."

"कधी?"

"झाले तीन महिने."

त्यांनी कप खाली ठेवला. मी जे बोलले ते मलाही तेव्हाच ऐकू आलं. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या होत्या, दोन महिने झाले. मी ते ऐकलं होतं आणि सोडून दिलं होतं, कारण अकरा पेट्या बराबर चालत होत्या.

सहा वाजले. स्क्रीनवर ओळ उमटली: हुकूम आला. त्याखाली दुसरी: व्हॉल्व्हला दिला, ठीक. मोटार गप्प. मी झाकणाचं कुलूप हलवून पाहिलं, लागलेलं होतं. आसपास आम्हा दोघींशिवाय कोणी नव्हतं. समोरच्या अकराव्या टाकीत पाणी चढल्याचा आवाज येऊ लागला.

गयाबाई माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "आता कोणाचं नाव लिवता?"

घडलं होतं ते असं. लिनक्सला जोडलेल्या प्रत्येक वस्तूला एक दार मिळतं, आणि दारांना नंबर असतात. शून्य, एक, दोन. हे नंबर कायमचे नसतात. पेटी सुरू होताना जो आधी जागा होईल त्याला शून्य. आठवडी बाजारात जो आधी येईल तो पुढची जागा धरतो, तसं. बाकी अकरा पेट्या जुन्या होत्या. त्यांत व्हॉल्व्हच्या तारेला कायमचं वेगळं दार होतं. बाराव्या टाकीची पेटी नवीन प्रकारची, तिच्यात ते दार नव्हतंच. तिथे व्हॉल्व्हची तार आणि माझं मोडेम कार्ड एकाच रांगेत उभे. जुनं कार्ड या रांगेत येत नव्हतं. आमचा प्रोग्राम डोळे मिटून हुकूम शून्य नंबरला देत होता.

वीज पूर्ण बंद करून चालू केली, की मोडेम कार्डाला जागं व्हायला दहापंधरा सेकंद लागतात. तोवर व्हॉल्व्हने शून्य नंबर धरलेला असतो आणि सगळं बराबर चालतं. पण पहाटे पाचला पेटी नुसतीच रीस्टार्ट होते, कार्डाची वीज जात नाही. कार्ड जागंच असतं. मग कधी व्हॉल्व्ह पुढे, कधी कार्ड पुढे. ज्या दिवशी कार्ड पुढे, त्या दिवशी "व्हॉल्व्ह उघड" हा हुकूम मोडेमच्या दारात जाऊन पडायचा. मोडेमला त्यातलं काही कळत नाही, पण तो आलेलं घेतो आणि गप्प बसतो. प्रोग्रामने कोणीतरी घेतलं एवढं पाहिलं आणि लिहून टाकलं, ठीक. व्हॉल्व्ह खरंच उघडला का, हे विचारायची त्याला कोणी सवयच लावली नव्हती.

आणि मी त्या दिवशी वीस लोकांसमोर तीन वेळा काय केलं होतं? वीज पूर्ण बंद. दहापर्यंत मोजा. चालू. माझी तपासायची पद्धतच अशी होती की दोष दिसणारच नाही. मी तीनशे वेळा केलं असतं, तरी व्हॉल्व्ह तीनशे वेळा उघडला असता, आणि मारोतराव तीनशे वेळा खोटे ठरले असते.

दुरुस्ती चार ओळींची होती. नंबर सोडून द्यायचे आणि कोणती वस्तू कुठल्या जागी जोडली आहे त्यावरून तिला कायमचं नाव द्यायचं. व्हॉल्व्ह म्हणजे व्हॉल्व्ह, मोडेम म्हणजे मोडेम, कोणी कधीही जागं होवो. ते लिहिलं, मग वीज न तोडता दहा वेळा रीस्टार्ट करून पाहिलं. दहाही वेळा मोटार फिरली.

गयाबाईंना मी हे सगळं समजावून सांगितलं, मातीत काडीने दारं काढून. त्यांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं. मग म्हणाल्या, "म्हणजे आमच्या टाकीची पेटी येगळी होती म्हणून."

"हो. ही टाकी शेवटी बांधली ना, तोवर पेटीचा प्रकार बदलला होता."

"शेवटी बांधली ती मशीननं बांधली का?"

मी हातातली काडी टाकून दिली.

थोड्या वेळाने त्या स्वतःच बोलल्या. "पण त्या माणसाबद्दल आपण चुकलो." आपण म्हणताना त्यांनी मला त्यातून वगळलं नव्हतं, आणि स्वतःलाही.

मी साहेबांना फोन केला. सुधारित अहवाल देते, असं मी म्हणाले. ते म्हणाले, "झालं ना चालू? मग कशाला उकरून काढता. तुमच्याच कंपनीचं नाव खराब होईल." कंपनीतल्या माझ्या वरिष्ठांचं म्हणणंही फार वेगळं नव्हतं. मी तरी लिहिलं. दोष मोडेम कार्ड बसवताना राहिला, कार्ड मी बसवलं, आधीचा निष्कर्ष चुकीचा होता. सही करून दोन्हीकडे पाठवलं. पोच आली, उत्तर आलं नाही. तिथे मला संशय आला की हा कागद कुठल्या तरी फायलीत सरळ तळाला जाणार, आणि तो संशय अजून तरी चुकीचा ठरलेला नाही.

मग मारोतरावांना शोधलं. ते जवळा बाजार या गावी मेहुण्याच्या पेंडीच्या दुकानात पोती उचलायला होते. बाजाराचा दिवस, दुकानासमोर बैलगाड्या आणि टेम्पो. मला पाहून ते पोतं खाली न ठेवता आत गेले, रचून आले, हात झटकले.

"बोला म्याडम. आता काय निघालं?"

त्या "आता काय"मध्ये सगळं होतं. मी उभ्याउभ्याच सांगितलं. दारं, नंबर, पहाटेचं रीस्टार्ट, माझं दहापर्यंत मोजणं.

"म्हणजे मी म्हणत होतो तेच," ते शेवटी म्हणाले. "काही दिवशी उघडतंय, काही दिवशी न्हाई."

"हो मामा. अगदी तेच."

"तुमी तवा माझं ऐकून का घेतलं न्हाई?"

मी म्हणाले, "मला वाटलं तुम्ही मोठ्या गावचे, म्हणून करताय."

हे ऐकून ते चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी मान हलवली. "वाटंल. गावात तसं करणारे हायेत. मी काय साधू न्हाई म्याडम. पहिल्या दिवशी गयाबाईनं दारात येऊन शिव्या दिल्या म्हणून उघडलं. मग रोजच सहाला डोकं लागून राहायचं, उघडलं का न्हाई, उघडलं का न्हाई."

मी सांगितलं की ऑफिसात पत्र दिलंय, पुन्हा घेण्याबद्दल बोलते.

"आता मशीन बराबर उघडतं ना?"

"उघडतं."

"मग मला काहून बोलवून राहिले?"

मी दुरुस्ती चांगली केली होती. इतकी चांगली, की तिथे आता सकाळी धावत जाणाऱ्या माणसाची गरज उरली नव्हती. हे मला जवळा बाजारच्या त्या दुकानासमोर उभं राहीपर्यंत सुचलं नव्हतं.

ते दुसरं पोतं उचलायला वळले आणि पाठमोरेच म्हणाले, "एक करा. मला जिथं बोललात ना, टाकीखाली, तिथंच येऊन हे सांगा. तेच लोक असले पायजेत."

पुढच्या रविवारी मी गेले. गयाबाईंनी वस्तीतल्या सगळ्यांना बोलावलं होतं. मोठ्या गावातूनही माणसं आली, त्या दिवशीपेक्षा जास्तच. मारोतराव सायकल धरून मागे उभे राहिले, पुढे या म्हटलं तरी आले नाहीत. मी पेटीसमोर उभी राहून सांगितलं. व्हॉल्व्ह मशीनच्या चुकीने उघडत नव्हता. ती चूक माझी. मारोतरावांनी व्हॉल्व्ह कधीच बंद केला नाही, उघडला नाही त्या दिवशी तेच येऊन उघडत होते. मी त्यांना तुमच्यासमोर खोटं ठरवलं, ते चुकलं. एकजण म्हणाला, "मशीनचं काय, होतं असं." मी म्हणाले, मशीनचं नाही, माझं.

लोक पांगायला लागले. तेव्हा मारोतराव पुढे आले. "लिवून द्या," ते म्हणाले. "बोललेलं कोणी नंतर बदलतं."

मी सर्व्हिस रिपोर्टचा कोरा कागद काढला, पेटीच्या झाकणावर ठेवून लिहिलं आणि सही केली. त्यांनी खिशातून चष्मा काढून लावला, कागद सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचला, मग पुन्हा वाचला.

"किती दिवस उघडलं ते लिवा."

मोटारीची नोंद लॅपटॉपवर होतीच. मी मोजून सांगितलं, "एक्केचाळीस."

"त्रेचाळीस."

मी पुन्हा मोजलं. एक्केचाळीसच. स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. त्यांनी ती पाहिली नाही.

"मी उघडलंय म्याडम. त्रेचाळीस."

मोटारीच्या नोंदीतून दोन दिवस गळाले असतील, की त्यांच्या मोजण्यात दोन जास्त झाले असतील, मला तेव्हा माहीत नव्हतं आणि नंतरही मी तपासलं नाही. गयाबाई बाजूला उभ्या राहून बघत होत्या. मी कागद परत घेतला आणि सहीच्या वर लिहिलं, त्रेचाळीस.

त्यांनी घडी घालून कागद सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला, चष्मा काढला आणि सायकल फिरवली.